जुन्या गेमच्या मरणाची घाई कुणाला?

'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' म्हणजे 'जीटीए ६' नेमका कधी येणार, या प्रश्नावर जगभरच्या गेमरांनी जेवढा खल केला आहे, तेवढा क्वचितच एखाद्या खेळावर झाला असेल. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा रॉकस्टार कंपनीने २०२५ साल सांगितलं होतं. पुढे २६ मे २०२६ ही तारीख जाहीर झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही बदलून १९ नोव्हेंबर २०२६ झाली. अधिकृत माहिती जेवढी तुटपुंजी, तेवढ्या अफवा जोमदार. कंपनीच्या चित्रांतल्या चंद्राच्या कला मोजून ट्रेलरचा दिवस काढणारे चाहते आहेत. त्यांची चिकाटी पाहून पंचांगकर्त्यांनीही तोंडात बोट घालावं. या करमणुकीबद्दल तक्रार करायचं कारण नाही. मात्र तिच्याच जोडीने एक भाकीत ठामपणे केलं जातं आणि ते तपासून पाहायला हवं. नवा गेम आला की २०१३ पासून चालू असलेला 'जीटीए ऑनलाइन' संपणार, त्याला उतरती कळा लागलीच आहे, असं ते भाकीत. माझ्या मते ते चुकीच्या गृहीतकावर उभं आहे. नव्या गेमच्या धक्क्याने जुने ऑनलाइन गेम फारसे मरत नाहीत. ते बंद होतात, आणि बंद करणारा बहुतेक वेळा त्यांचा मालकच असतो.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. २००० नंतरच्या दशकात आपल्याकडच्या सायबर कॅफेंत 'व्हाइस सिटी' हा गेम ज्या पिढीने तासाला काही रुपये मोजून खेळला, ती आता तिशी-चाळिशीत आहे. त्याच मालिकेचा पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ ला आला आणि आजवर त्याच्या २२ कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, 'जीटीए ऑनलाइन' सुरू झाला. लॉस सँटोस या काल्पनिक शहरात अनेक खेळाडू एकत्र येतात, गाड्या, घरं, धंदे घेतात, मिळून दरोडे घालतात. हा मामला प्रौढांसाठीच आहे हे वेगळं सांगायला नको. गेममधला पैसा खेळून मिळवता येतो, नाहीतर 'शार्क कार्ड' घेऊन खऱ्या पैशांत विकत घेता येतो. कंपनीची खरी दुभती गाय हीच. आता सहावा भाग खेळाडूंना पुन्हा व्हाइस सिटीत नेणार आहे. पण आलेल्या दोन्ही ट्रेलरमध्ये त्याच्या ऑनलाइन रूपाचा मागमूस नाही. म्हणजे ज्याचं रूपच ठाऊक नाही, तो गेम तेरा वर्षं चाललेल्या गेमला संपवणार असं आपण मानून चाललो आहोत.

उतरती कळा लागल्याचा पुरावा म्हणून सहसा 'स्टीम' या पीसी-दुकानावरचे खेळाडूंचे आकडे दाखवले जातात. ते आकडे खरे असतात, पण ते घराच्या एका खिडकीतून दिसणारं दृश्य आहे. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरचे खेळाडू त्यात येत नाहीत. रॉकस्टारच्या स्वतःच्या लाँचरवरून किंवा एपिकच्या दुकानातून घेतलेल्या प्रतीही येत नाहीत, आणि एपिकने मे २०२० मध्ये हा गेम फुकट वाटला तेव्हा गर्दीने त्यांचं दुकानच काही काळ कोलमडलं होतं. शिवाय मोठं अपडेट आलं की संख्या चढायची आणि मग हळूहळू उतरायची, ही या गेमची नेहमीची चाल आहे. उतरणीवरचं एक टोक पकडून मृत्युलेख लिहिणं सोपं असतं.

आता इतिहास पाहू, कारण या वादात खरा पुरावा तिथेच आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार झाले. त्या काळात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या ऑनलाइन गेमला गेमिंगच्या पत्रकारांनी 'वॉरक्राफ्टचा मारेकरी' म्हणून ओवाळलं. २००८ मध्ये 'एज ऑफ कॉनन' आणि 'वॉरहॅमर ऑनलाइन', २०११ मध्ये 'रिफ्ट' आणि प्रचंड खर्च करून बनवलेला 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक', २०१४ मध्ये 'वाइल्डस्टार'. यातला वॉरहॅमर २०१३ मध्ये बंद झाला, वाइल्डस्टार २०१८ मध्ये. वॉरक्राफ्ट आजही चालू आहे. त्याची संख्या घटली, हे खरं: २०१५ मध्ये ती ५५ लाखांवर आली आणि त्यानंतर तो बनवणाऱ्या ब्लिझर्डने आकडे जाहीर करणंच थांबवलं. पण ही घसरण कशी झाली ते पाहा. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवा विस्तार आला तेव्हा लोक परत आले, संख्या एक कोटीपुढे गेली. त्या विस्तारात पुढे करण्यासारखं फार काही नाही हे लक्षात आल्यावर काही महिन्यांतच ती जवळजवळ निम्मी झाली. ही जखम प्रतिस्पर्ध्याने केलेली नव्हती. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लिझर्डने मूळ, जुनाट, संथ वॉरक्राफ्ट 'क्लासिक' नावाने पुन्हा उघडला, तेव्हा पहिल्या दिवसांत सर्व्हरबाहेर तासन् तास रांगा लागल्या. जुनं टाकून नवं घेणं हा खेळाडूचा स्वभाव असता, तर ही गर्दी कुठून आली असती?

यावर कुणी म्हणेल, पण खुद्द वॉरक्राफ्टने १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'ला झाकोळलंच ना? झाकोळलं, यात वाद नाही. नवा गेम जुन्याचं वैभव हिरावून घेऊ शकतो. पण एव्हरक्वेस्ट आजही चालू आहे, त्याचे नवे विस्तारही येत असतात. त्याहून जुना, १९९७ चा 'अल्टिमा ऑनलाइन'सुद्धा चालू आहे. अव्वल स्थान जाणं आणि जीव जाणं यांत महदंतर आहे, आणि भाकितं करणारे नेमकं तेच पुसून टाकतात. दुसरं उदाहरण 'फायनल फँटसी १४'चं. २०२१ मध्ये वॉरक्राफ्टचे खेळाडू मोठ्या संख्येने त्याकडे वळले, इतके की त्या डिसेंबरात गर्दी आवरेना म्हणून स्क्वेअर एनिक्सला काही काळ विक्री थांबवावी लागली. पण तो काही त्या वर्षीचा नवा गेम नव्हता. तो २०१० मध्ये येऊन सपशेल आपटला होता, २०१३ मध्ये नव्याने बांधून उघडला होता. त्याला ही संधी मिळाली तीही ब्लिझर्डवर कर्मचाऱ्यांच्या छळाबद्दल खटला दाखल झाला आणि चालू विस्तारावर खेळाडू वैतागलेले होते तेव्हा. दार आधी आतून उघडलं गेलं होतं.

जीटीएच्या बाबतीत यापेक्षा वजनदार आक्षेप वेगळा आहे. इथे नवा गेम प्रतिस्पर्ध्याचा नाही, त्याच घरातला आहे. धाकटा आला की थोरल्याने जागा सोडायची, असं घडत असेलच की. गंमत म्हणजे ऑनलाइन गेमच्या इतिहासात अनेकदा उलटंच घडलं आहे. 'अ‍ॅशरन्स कॉल' १९९९ मध्ये सुरू झाला, त्याचा दुसरा भाग २००२ मध्ये आला आणि २००५ मध्ये बंदही पडला. पहिला २०१७ पर्यंत चालला. दक्षिण कोरियात 'लिनिएज'चा दुसरा भाग २००३ मध्ये आला, तरी २०१० नंतरही १९९८ चा पहिला भाग एनसीसॉफ्टच्या कमाईत वरच्या क्रमांकावर होता. 'गिल्ड वॉर्स'चा दुसरा भाग २०१२ चा, पण २००५ चा पहिला अजून खेळता येतो. 'रूनस्केप'ने २०१३ मध्ये आपलीच २००७ सालची आवृत्ती पुन्हा सुरू केली, आणि आज तिचे खेळाडू मुख्य आवृत्तीपेक्षा जास्त आहेत.

असं का होतं? ऑनलाइन गेममध्ये माणूस केवळ चित्रं आणि गोष्ट पाहायला येत नाही. त्याने तिथे वर्षानुवर्षं काहीतरी जमवलेलं असतं: गाड्या, हत्यारं, पदव्या, आणि या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे सोबत खेळणारी चार माणसं. हा जमाखर्च नव्या ठिकाणी नेता येत नसेल, तर देखण्या नव्या शहराचं आकर्षण काही आठवड्यांत ओसरतं. जिथे मालकाने जुन्याच्या जागी नवा गेम यशस्वीपणे बसवला, तिथे बहुधा हा ठेवा सोबत आणू दिला आहे. 'काउंटर-स्ट्राइक २' सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा खेळाडूंनी हजारो रुपयांना घेतलेल्या बंदुकांच्या स्किन जशाच्या तशा त्यात आल्या; म्हणून कुरकुर झाली तरी स्थलांतर झालं. आपल्याकडचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने 'पबजी मोबाइल'सह ११८ ॲपवर बंदी घातली. दोनच दिवसांत 'फौजी'ची घोषणा झाली, देशी गेम पबजीची जागा घेणार अशी हवा तयार झाली, लाखोंनी पूर्वनोंदणी केली. २६ जानेवारी २०२१ ला तो आला तेव्हा लोकांना हवा असलेला बॅटल रॉयल, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकला, हा प्रकार त्यात नव्हताच. मैदान पूर्ण मोकळं असूनही त्याला ते राखता आलं नाही. जुलै २०२१ मध्ये पबजीच्या मूळ कंपनीने, क्राफ्टनने, 'बीजीएमआय' आणला, पबजीतला आपला साठा त्यात आणायची सोय दिली, आणि खेळाडू माघारी आले. पुढे पुण्याच्या सुपरगेमिंगने मेहनतीने बनवलेला 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. पूर्वनोंदणी कोटीच्या पुढे गेली होती, पण बीजीएमआयचं स्थान हललं नाही. पुण्यातल्या त्या कामाला कमी लेखण्याचा हेतू नाही. भारतीय विषयावर, भारतात, या दर्जाचा गेम बनवणं ही लहान गोष्ट नव्हे. पण पूर्वनोंदणी ही उत्सुकतेची नोंद असते, आपला डेरा उचलल्याची नव्हे.

ही कसोटी जीटीएला लावून पाहा. कंपनीने तेरा वर्षांचा साठा नव्या गेममध्ये नेऊ दिला, तर अब्जावधी आभासी डॉलर घेऊन आलेले खेळाडू पहिल्याच दिवशी सगळं विकत घेऊन मोकळे होतील आणि नव्याने शार्क कार्ड कुणी घेणार नाही. म्हणून, माझा अंदाज, तो साठा तिकडे जाणार नाही. त्यात भर अशी की 'जीटीए ६' सुरुवातीला फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या चालू पिढीसाठी जाहीर झाला आहे. पीसीचं नाव त्यात नाही. पाचवा भाग कन्सोलनंतर पीसीवर यायला दीड वर्षाहून अधिक काळ लागला होता. भारतात प्लेस्टेशन ५ आला तेव्हाच त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. इथला खेळाडू मोबाइलवर आणि पीसीवर आहे. तो १९ नोव्हेंबरला कुठे जाणार? जिथे आहे तिथेच राहणार. आणि नव्या गेमचा ऑनलाइन भाग आला तरी पहिल्या दिवशी तो कसा असेल, याची कल्पना १ ऑक्टोबर २०१३ वरून यावी. तेव्हा सर्व्हर कोसळले, लोकांची बनवलेली पात्रं गायब झाली, आणि भरपाई म्हणून कंपनीला पाच लाख आभासी डॉलर वाटावे लागले. ज्या सांघिक दरोड्यांसाठी हा गेम आज ओळखला जातो, ते मार्च २०१५ मध्ये आले. एवढा काळ जुन्या शहरात बरंच काही चालू असेल.

आता माझ्याच मांडणीला छेद देणारा पुरावा. याच रॉकस्टारने जुलै २०२२ मध्ये जाहीर केलं, की 'रेड डेड ऑनलाइन'ला यापुढे मोठी अपडेट मिळणार नाहीत, कारण माणसं पुढच्या जीटीएच्या कामाला लावायची आहेत. खेळाडूंनी त्याच महिन्यात काळे कपडे घालून, गेमच्या आतच, त्याची अंत्ययात्रा काढली. जीटीए ऑनलाइनचंही असंच होईल ही भीती अजिबात खुळी नाही. पण त्या प्रसंगातून काय निघतं? रेड डेड ऑनलाइनला कोणत्या नव्या गेमने हरवलं नव्हतं. 'जीटीए ६'चा पहिला ट्रेलरही तेव्हा आला नव्हता. एका कार्यालयात मनुष्यबळाचा निर्णय झाला आणि त्या गेमची वाढ खुंटली. त्याचे सर्व्हर मात्र त्यानंतरही चालू राहिले. जीटीए ऑनलाइनबद्दल पालक कंपनी टेक-टूचे प्रमुख स्ट्रॉस झेल्निक यांनी २०२५ मध्ये सूचकपणे सांगितलं, की ग्राहक रमलेले असतील तोवर आम्ही गेम चालवतो; दाखला दिला तो चीनमधल्या 'एनबीए २के ऑनलाइन'चा, ज्याचे पहिला आणि दुसरा असे दोन्ही भाग शेजारी शेजारी चालतात. हे आश्वासन मानायचं की नाही, हा भाग वेगळा. पण निर्णय कुणाच्या हातात आहे हे त्यातून स्पष्ट दिसतं.

आणि मालकाने ठरवलं की गेम किती लवकर संपतो याचे दाखले भरपूर आहेत. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'चे नियम नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने रातोरात उलटेपालटे केले, जुने खेळाडू दुखावून गेले. उरलेल्यांवर डिसेंबर २०११ मध्ये पडदा पाडला गेला, त्याच विश्वातला नवा गेम बाजारात येण्याच्या पाच दिवस आधी. २०१६ चा 'ओव्हरवॉच' लोकांनी पैसे मोजून घेतला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो काढून त्या जागी दुसरा भाग बसवला गेला. दुसऱ्या भागाचं मोठं आकर्षण म्हणून सांगितलेला 'हीरो मिशन' हा प्रकार मात्र मे २०२३ मध्ये रद्द झाला. युबिसॉफ्टचा 'द क्रू' ३१ मार्च २०२४ ला बंद पडला आणि एकट्याने गाडी चालवणाऱ्यांनाही तो उघडेना, कारण तो चालायला कंपनीचा सर्व्हर लागत होता. पैसे देऊन घेतलेली वस्तू घरातच राहिली, पण निरुपयोगी. जीटीए ऑनलाइनच्या बाबतीत तर याची झलक मिळालेली आहे: प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वरचा गेम १६ डिसेंबर २०२१ ला बंद झाला. तेव्हा रॉकस्टारने सहा महिने आधी सूचना दिली आणि शार्क कार्डांची विक्रीही तीन महिने आधी थांबवली, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. आता मात्र पीसीवरच्या रोलप्ले सर्व्हरांचं, ज्यांवर भारतातही तरुणांचे मोठे गट एकेका पात्राची भूमिका घेऊन रोज खेळतात, भवितव्यही त्याच हातात आहे. ते सर्व्हर ज्या 'फाइव्हएम'वर चालतात, तो बनवणारा चमूच रॉकस्टारने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्यात सामावून घेतला.

म्हणूनच नवा गेम जुन्याला मारणार का, ही चर्चा मालकाच्या पथ्यावर पडते. लोकांनी मनोमन स्वीकारलं की जुनं आपोआप मरणारच, तर उद्या सर्व्हर बंद करताना स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. काळाचा महिमा म्हणून भागतं. इतर देशांत या सोयीला आव्हान मिळू लागलं आहे. 'द क्रू' बंद झाल्यावर उभ्या राहिलेल्या मोहिमेने युरोपीय संघाकडे पाठवायच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तू विकताना 'तुम्हाला मालकी नव्हे, फक्त परवाना मिळतो आहे' हे ग्राहकाला स्पष्ट सांगणं बंधनकारक झालं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा झाला, पण त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र इथे उपयोगी पडू शकतो. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा कंपनीला देणाऱ्या अटी त्याने 'अनुचित करारा'च्या व्याख्येत घातल्या आहेत आणि ऑनलाइन खरेदी करणाराही त्याच्या लेखी ग्राहकच आहे. गेमच्या परवान्यावर ही तरतूद कितपत लागू होते, ते राज्य किंवा राष्ट्रीय आयोगापुढे कुणीतरी नेल्याशिवाय ठरणार नाही.

सर्व्हर चालवायला पैसे लागतात, कंपनीने ते अनंत काळ का चालवावेत, असं विचारणारे असतात. रास्त आहे. अनंत काळ चालवा असं कुणीच म्हणत नाही. पण बंद करण्याआधी किमान सहा महिन्यांची सूचना, त्या दिवसापासून आभासी चलनाची विक्री बंद, आणि शक्य असेल तिथे खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर चालवण्याची परवानगी, एवढं मागायला हरकत नसावी. यातली पहिली गोष्ट रॉकस्टारने २०२१ मध्ये स्वतःहून केलेली आहे, म्हणजे ती अशक्य नाही. तीच आता गेम विकतानाच्या अटींत लेखी असावी. 'जीटीए ६' जेव्हा येईल तेव्हा तो जरूर खेळा. पण तोवर जुन्या गेममध्ये शार्क कार्ड घेणार असाल, तर घेण्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला एक प्रश्न लेखी विचारा: हा गेम बंद करायचा ठरला, तर आम्हाला किती महिने आधी सांगाल? उत्तर मिळेपर्यंत पैसे खिशात ठेवा.